किल्ली हरवली, गाडी कुणाची?

पुण्यात किल्ली म्हणतात, मुंबईत चावी. मी किल्लीच म्हणणार, ज्यांना चावी लागते त्यांनी वाचताना मनातल्या मनात बदलून घ्यावी. शब्द कुठलाही असो, ती हरवली की आपल्या गाडीचा मालक नक्की कोण हे पाच मिनिटांत कळतं. आणि गाडी जुनी असेल तर जे कळतं ते फारसं सुखाचं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नुसताच वाद घालायचाय त्यांना खालचं सगळं वाचायचे कष्ट नकोत. गाडी विकली की तिच्याबरोबर तिची किल्ली, त्या किल्लीचा कापायचा नंबर आणि इमोबिलायझरचा पिन कोड हे सगळं विकलं गेलंच पाहिजे. कंपनीनं ते स्वतःकडे ठेवून घेणं आणि 'तुमच्याच सुरक्षिततेसाठी हो' असं वर तोंड करून सांगणं ही शुद्ध लबाडी आहे. सुरक्षितता हवीच. पण इथे कंपनी जे राखते तो तिचा धंदा आहे, माझी गाडी नव्हे.

आता जरा सावकाश.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी बाबांची एखादी स्कूटर किंवा लूना असेल. तिची किल्ली हा एक विनोदच होता. वर्षानुवर्षं वापरून कुलुपाच्या आतल्या पितळी पत्र्या इतक्या झिजायच्या, की शेजाऱ्याच्या सायकलच्या कुलुपाची किल्लीसुद्धा थोडी हलवली की चालायची. आणि जुन्या मॅग्नेटोवाल्या दुचाकीत तर किल्ली इंजिन 'चालू' करतच नसे, ती फक्त बंद करायची. म्हणजे किल्ली फिरवून बंद केली की ठिणगीचा करंट अर्थला जायचा आणि इंजिन गपगार. चालू करायला किक होतीच. मोटारीतही स्टार्टरचा खटका आणि किल्ली या बराच काळ वेगळ्या गोष्टी होत्या. चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला १९१२ साली, आणि किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करायची पद्धत क्रायस्लरनं आणली ती १९४९ मध्ये.

त्या काळी किल्ली हरवणं ही दुपारची कटकट होती. बास. फुटपाथवर लाकडी पेटी आणि किल्ल्यांचे जुडगे घेऊन बसलेला माणूस यायचा, कोरी किल्ली कुलुपात घालून जरा पिरगाळायचा, बाहेर काढून उजेडात धरायचा. पत्र्या जिथे अडतात तिथे पितळेवर बारीक चकाकणारा ओरखडा उठतो. तेवढंच कानशीनं घासायचं, पुन्हा घालायची, पुन्हा बघायचं. वीस मिनिटांत किल्ली तयार. मला हा प्रकार आजही जादू वाटतो. आम्ही ज्याला डिबगिंग म्हणतो आणि वातानुकूलित खोलीत बसून त्याचे लाखभर रुपये घेतो ते हा माणूस उन्हात बसून करतो, आणि त्याला लॉगसुद्धा मिळत नाहीत :-)

जुन्या दुचाकीचं आजही साधारण असंच आहे. दोन-अडीचशे रुपयांत किल्ली, अगदीच कुलूप खराब झालं असेल तर इग्निशन, पेट्रोलची टाकी आणि साइड पॅनेल असा नवा लॉक सेट बाजारात मिळतो, मेकॅनिक तासाभरात बसवून देतो. यात कुणी कुणाची परवानगी मागत नाही.

भानगड सुरू होते ती चिपपासून.

साधारण नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून युरोपात गाड्यांच्या किल्लीत एक चिप यायला लागली. युरोपियन युनियनमध्ये १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१ पासून, कॅनडात २००७ पासून. आपल्याकडेही २००० नंतरच्या दशकात मधल्या किमतीच्या मोटारींत तो दिसायला लागला. तत्त्व सोपं आहे. किल्लीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलुपाभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं, ते साधारण १२५ किलोहर्ट्झवर रेडिओ लहरी सोडतं, त्यातूनच चिपला वीज मिळते. गाडी एक प्रश्न विचारते, चिपनं तिच्या गुप्त आकड्याच्या मदतीनं बरोबर उत्तर दिलं तर इंजिनचा कॉम्प्युटर इंधन आणि ठिणगी चालू ठेवतो. नाहीतर स्टार्टर फिरतो, इंजिन एखादा सेकंद खोकतं आणि बंद पडतं. थोडक्यात, पितळेची हुबेहूब किल्ली करून घेतली तरी दार उघडेल, स्टिअरिंग सुटेल, पण गाडी जागची हलणार नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो, कारण कुणीतरी हा मुद्दा काढणारच. इमोबिलायझर काम करतो. नेदरलँड्समधल्या आकडेवारीवर व्हॅन ऊर्स आणि फोलार्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. १९९५ ते २००८ या काळात सक्तीच्या इमोबिलायझरमुळे गाड्यांच्या चोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी कमी झाल्या असा त्यांचा निष्कर्ष आहे. उलट उदाहरण अमेरिकेतलं. तिथे ह्युंदाई आणि किआनं साधारण २०११ ते २०२१ दरम्यान बऱ्याच स्वस्त मॉडेलांत इमोबिलायझर घातलाच नव्हता. २०२१-२२ मध्ये पोरांनी यूएसबी केबलचं टोक वापरून त्या गाड्या पळवायचे व्हिडिओ टाकले आणि शहरंच्या शहरं हैराण झाली. तेव्हा मी चिपच्या विरोधात नाही. मी विरोधात आहे तो चिपचा गुप्त आकडा कुणाच्या खिशात असावा याबद्दलच्या दादागिरीच्या.

आता आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या काकांची गोष्ट. गाडी २००८ सालची, छोटी हॅचबॅक, धावली जेमतेम साठ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. दोन किल्ल्यांपैकी एक घर बदलताना पूर्वीच गेली होती. दुसरी गेल्या पावसाळ्यात बसमध्ये खिशातून पडली. काकूंना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं, आणि रिक्षाच्या सीटवर त्यांना गुडघा दुमडून बसता येत नाही. त्यामुळे गाडी ही चैन नव्हती.

काकांनी अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या सर्व्हिस अॅडव्हायझरनं अत्यंत गोड आवाजात सांगितलं, "सर, दोन्ही किल्ल्या नाहीत म्हणजे पूर्ण लॉक सेट, इमोबिलायझर युनिट आणि ईसीएम बदलावं लागेल." एकतीस हजार रुपये. टोइंग वेगळं. पार्ट मागवायला तीन आठवडे, "आणि सर, मॉडेल जुनं आहे, मिळेलच अशी गॅरंटी देता येणार नाही." वर हळूच एक्स्चेंज ऑफरची चौकशी. गाडी विकायला काढली असती तर सत्तर-ऐंशी हजार आले असते. म्हणजे बसमध्ये पडलेल्या किल्लीची किंमत जवळजवळ अर्धी गाडी.

काका मला म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, हे खरं आहे का?"

तांत्रिकदृष्ट्या? नाही. त्या गाडीतला ईसीएम धडधाकट होता. इमोबिलायझर युनिट धडधाकट होतं. कुलूपही धडधाकट होतं. नव्हता तो फक्त एक आकडा, जो नव्या चिपला 'तू आपली' असं सांगू शकेल. एखाद्या वेबसाइटनं 'पासवर्ड विसरलात? मग नवा लॅपटॉप घ्या' असं सांगितलं तर आपण तिला वेड्यात काढू. इथे आपण तीन आठवडे थांबतो आणि चेक लिहितो.

शेवटी मंडईच्या बाजूला बसणारा एक किल्लीवाला आला. आल्या आल्या पहिलं वाक्य, "साहेब, आरसी दाखवा आधी." आरसी बघितली, काकांच्या ओळखपत्राचा फोटो काढला, वहीत गाडीचा नंबर आणि चासी नंबर लिहून काकांची सही घेतली. मग दाराच्या कुलुपात एक बारीक अवजार घालून पत्र्यांची उंची मोजली, किल्ली कापली. डॅशबोर्डखालचा इमोबिलायझरचा डबा काढला, आतल्या आठ पायांच्या मेमरी चिपला क्लिप लावली आणि तिच्यातला मजकूर लॅपटॉपवर घेतला. स्क्रीनवर हेक्स डंप. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना तो वाचता येणार नाही, या माणसानं मात्र 'फॉर्टीसिक्स चिप आहे' म्हणत पेटीतून बरोबर तीच काढली. दीड तासात इंजिन सुरू. साडेचार हजार रुपये, दोन किल्ल्यांसकट.

आता विचार करा. एकतीस हजार आणि साडेचार हजार यांच्यात जो फरक आहे तो कशाचा? पार्टचा नाही, मजुरीचा नाही. तो फरक एका आकड्याच्या मक्तेदारीचा आहे.

'पण तो आकडा असा बाजारात फिरायला लागला तर चोरांना सोपं जाईल ना?' हा प्रश्न मला चांगल्या शिकलेल्या, सिक्युरिटीमध्ये काम करणाऱ्या मित्रांनीसुद्धा विचारला. त्यांना मी नम्रपणे १८८३ सालात पाठवतो. ऑगस्ट केरखॉफ्स नावाच्या डच माणसानं तेव्हाच लिहून ठेवलंय की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त असायला हवी ती फक्त किल्ली. मोटारवाल्यांनी बरोबर उलटं केलं. यंत्रणा गुप्त ठेवली आणि तिच्या आत कच्चा माल भरला.

नमुने बघा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीएसटी चिप लाखो गाड्यांच्या किल्ल्यांत होती. तिची गुप्त किल्ली फक्त ४० बिटांची. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या लोकांनी गुप्त अल्गोरिदम शोधून काढला आणि १६ एफपीजीए एकत्र जोडून तासाभराच्या आत किल्ली फोडून दाखवली. २०१२ मध्ये हिटॅग-२ ची पाळी, त्या शोधनिबंधाच्या नावातच '३६० सेकंद' होतं. मग मेगामॉस. बर्मिंगहॅम आणि नायमेगन इथल्या तीन संशोधकांना तिच्यात भोकं सापडली. त्यांनी ती आधी चिप बनवणाऱ्यांना कळवली. फोक्सवॅगननं काय केलं? कोर्टात गेली. लंडनच्या हायकोर्टानं २०१३ च्या जूनमध्ये निबंध छापायला मनाई केली, आणि तो शेवटी २०१५ मध्ये, एक वाक्य वगळून, बाहेर आला. दोन वर्षं चिप तशीच, भोकं तशीच, गाड्या रस्त्यावर तशाच. गप्प बसवलं ते फक्त सांगणाऱ्यांना. २०२० मध्ये डीएसटी-८० बद्दलही तेच. चिप चांगली ८० बिटांची, पण टोयोटाच्या काही मॉडेलांत गुप्त किल्ली चिपच्या अनुक्रमांकावरून बनवलेली, आणि ह्युंदाई-किआच्या काही मॉडेलांत तिच्यात खरी यादृच्छिकता फक्त २४ बिटांची. आपल्या टीममधल्या नव्या मुलानं असा कोड लिहिला असता तर आपण त्याचा रिव्ह्यू पास केला नसता.

सांगायचा मुद्दा असा, की चोराला हा दरवाजा बंद नाहीच. परदेशातून येणारी प्रोग्रॅमिंगची यंत्रं बाजारात आहेत, त्यांच्या नकला आहेत, नकलांच्या नकला आहेत. मंडईजवळच्या किल्लीवाल्याला जे येतं ते चोरालाही येतं. ज्याला येत नाही, आणि ज्याला मिळू दिलं जात नाही, तो एकटाच उरतो. गाडीचा मालक.

याहून वाईट म्हणजे ही गुप्तता सुरक्षितता प्रत्यक्षात कमी करते. काकांच्या गाडीचा अख्खा डंप त्या किल्लीवाल्याच्या लॅपटॉपवर आहे. माणूस सज्जन वाटला, आरसी मागितली, वही ठेवली. पण ती वही त्यानं स्वतःच्या शहाणपणानं ठेवली होती, कुठल्या नियमानं नव्हे. त्याच्या शेजारी बसणारा ठेवत असेलच असं नाही. अधिकृत वाटच नसल्यामुळे हा सगळा धंदा अर्धवट उजेडात चालतो, आणि अर्धवट उजेडात सज्जन आणि लबाड ओळखता येत नाहीत. उद्या एखादी गाडी चोरीला गेली तर पोलिस आधी फुटपाथवरच्या माणसाला उचलणार. शोरूममध्ये कोण गेलंय विचारायला? ज्याच्या हातात कसब आहे त्याला संशयित बनवायचं आणि ज्याच्या हातात नुसतं कुलूपबंद कपाट आहे त्याला 'अधिकृत' म्हणायचं, हा न्याय कुठला?

आणि ईसीएमच बदला, हे सांगणं नवं नाहीये बरं का. फियाटच्या नव्वदच्या दशकातल्या इमोबिलायझरवाल्या गाड्यांबरोबर एक लाल मास्टर किल्ली यायची. नव्या किल्ल्या शिकवायला तीच लागायची. ती हरवली की कंपनीचं उत्तर हेच, कंट्रोल युनिट बदला. पुढे स्वतंत्र कुलूपवाल्यांनी मेमरी चिप वाचून मार्ग शोधले आणि 'अशक्य' असलेली गोष्ट दुपारभरात होऊ लागली. म्हणजे 'अशक्य' याचा अर्थ 'आम्हाला करायचं नाही' असा घ्यायचा.

कायद्याचं काय? आपल्याकडे यावर काहीच झालं नाही असंही नाही. शमशेर कटारिया या एका ग्राहकाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांची चौकशी केली. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगानं स्पष्ट म्हटलं की सुटे भाग आणि निदानाची उपकरणं खुल्या बाजारात न देणं हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, आणि एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तीन कंपन्यांच्या बाबतीत दंड कमी केला, पण गैरवापर झाला हा निष्कर्ष कायम ठेवला. मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारी आहेत. त्याच वर्षअखेरीला पोर्टलही निघालं. पोर्टल काढायला आपला देश कधीच कमी पडत नाही. पण काकांच्या किल्लीचा पिन कोड अजून त्या पोर्टलवरून मिळत नाही.

बाहेर हे सोडवलंय. अमेरिकेत कुलूपवाल्यांची नोंदणी होते, पार्श्वभूमी तपासली जाते, आणि नोंदणीकृत माणसाला कंपनीकडून किल्लीचा कोड आणि पिन रीतसर, पैसे भरून मिळतो. प्रत्येक मागणीची नोंद राहते. कुणी, कुठल्या गाडीचा, कधी मागितला, सगळं. युरोपियन युनियननं २०२१ मध्ये नियमात बदल करून स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुरक्षेशी संबंधित माहिती मिळण्यासाठी मान्यतेची पद्धत आणली. या देशांत गाड्या चोरीला जातात, पण त्या या नोंदवहीमुळे जातात असं कुणी म्हणत नाही.

आणि मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? हे आपल्याकडे त्यांच्यापेक्षा सोपं आहे. 'वाहन'च्या डेटाबेसमध्ये प्रत्येक गाडीचा चासी नंबर, मालकाचं नाव, मोबाइल नंबर आहे. आरसी डिजिलॉकरमध्ये आहे आणि ती कायद्यानं चालते. गॅसचा सिलिंडर घ्यायलासुद्धा आपण ओटीपी देतो. मग मालकानं फोनवर संमती दिली, नोंदणीकृत किल्लीवाल्यानं त्याच्या आयडीनं चासी नंबर टाकला, कंपनीच्या सर्व्हरनं एका वापरापुरता कोड दिला आणि तिन्हीकडे नोंद झाली, यात अवघड काय आहे? हे वाचणाऱ्यांपैकी पन्नास जण असे असतील की त्यांच्या टीमनं याहून किचकट गोष्टी तीन महिन्यांत उभ्या केल्यात. फी ठेवा ना, पाचशे ठेवा, हजार ठेवा. मंडईजवळच्या माणसालाही परवाना मिळेल, त्याची वही सरकारी होईल, आणि त्याच्याकडे बघण्याची पोलिसाची नजर बदलेल. चोराला मात्र ओटीपी मिळणार नाही. आजच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

याला एकच अडथळा आहे, एकतीस हजार.

काही जण म्हणतील, जुनी गाडी ठेवायचीच कशाला, ईएमआयवर नवी घे. हे वाक्य सहसा ज्यांचा पहिला ईएमआय अजून सुरू व्हायचाय ते म्हणतात. पण तुमची आजची नवी गाडीही जुनी होणार आहे. आज तिची किल्ली फोनमधल्या अॅपमध्ये आहे, अॅप सर्व्हरवर आहे, सर्व्हर कंपनीचा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतलं थ्रीजी नेटवर्क बंद झालं तेव्हा बऱ्याच चांगल्या चालत्या गाड्यांची दूरवरून दार उघडण्यासारखी सोय एका दिवसात मेली. गाडीला काहीही झालं नव्हतं. पंधरा वर्षांनी तुमच्या मॉडेलचा सर्व्हर कंपनी चालू ठेवील का, हे आज कुठल्या कागदावर लिहून मिळालंय? विकत घेताना विचारून बघा, सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो.

विम्याचाही विचार करा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळच्या सगळ्या किल्ल्या मागते. एक कमी असेल तर क्लेमच्या वेळी तुम्ही तोंडातून घाम काढत स्पष्टीकरण देणार. किल्ली बदलण्याचं वेगळं कव्हर मिळतं, पण ते मुख्य पॉलिसीला जोडून, आणि जुन्या गाडीला बरेचदा नाहीच. पुन्हा तेच. ज्याला गरज जास्त त्याला दार बंद.

नियम बदलेपर्यंत काय करायचं ते सांगतो, कारण नुसतं ओरडून माझा शनिवार जातो, तुमचा फायदा काही नाही. घरी एकच किल्ली उरली असेल तर दुसरी याच आठवड्यात करून घ्या. चालू किल्ली हातात असताना दुसरी शिकवणं आणि एकही नसताना शून्यातून करणं यात खर्चाचा कितीतरी पट फरक आहे. नवी गाडी घेतली तेव्हा जुडग्याला एक छोटा धातूचा किंवा प्लॅस्टिकचा टॅग होता, त्यावर नंबर होता. तो किल्ली कापायचा नंबर. त्याचा फोटो काढून टॅग किल्लीपासून वेगळा ठेवा, किल्लीबरोबर तोही हरवला तर उपयोग शून्य. सेकंडहँड गाडी घेताना आधीच्या मालकाकडून दोन्ही किल्ल्या, टॅग आणि असलं तर कोड कार्ड मागून घ्या, नसेल तर तेवढे पैसे कमी करा. किल्ली हरवलीच तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, ती पुढे विम्यालाही लागते. आणि नवी किल्ली शिकवताना जुन्या, हरवलेल्या किल्लीची नोंद मेमरीतून पुसायला सांगा. नाहीतर बसमध्ये सापडलेल्या किल्लीनंही तुमची गाडी सुरू होतच राहील. हे कुणी आपणहून सांगत नाही.

आणि नवी गाडी बुक करणार असाल तर सही करायच्या आधी लेखी विचारा, की किल्लीचा नंबर आणि इमोबिलायझरचा पिन कोड डिलिव्हरीच्या वेळी मिळणार का, आणि दोन्ही किल्ल्या हरवल्या तर एकूण खर्च किती. तोंडी उत्तर नको, मेलवर. उत्तर आलं की गाडीचं मॉडेल आणि कंपनीनं लिहिलेला आकडा जसाच्या तसा मला पाठवा. मी एक तक्ता बनवायला घेतलाय, सध्या त्यात तीनच ओळी आहेत, आणि त्यातल्या दोन ठिकाणी उत्तराच्या रकान्यात 'नंतर कळवतो, सर' एवढंच आहे.